पावणेसहाचा फोन

माझ्या नणंदेला आम्ही सगळे बटण म्हणतो. चार वर्षांची असताना तिने वडिलांच्या कोटाचं बटण गिळलं. दोन दिवस घरात नुसता हलकल्लोळ. तिसऱ्या दिवशी बटण ज्या वाटेने यायचं त्या वाटेने आलं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आज ती अठ्ठावन्न वर्षांची आहे, डोकं पांढरं झालंय, तिच्या हाताखाली तीन बायका काम शिकून गेल्या, तरी बटणच. लग्न केलं नाही. का नाही, ते विचारायला मी कचरले असं कोणी समजू नये. तीनदा विचारलं, तिन्ही वेळा तिने विषय बदलला.

मी त्र्याहत्तर वर्षांची. शाळेत तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. मला पाल्हाळ सहन होत नाही. आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते ह्या एका गुणामुळे झालं, आणि मी त्याला इतकी वर्षं गुणच समजत होते.

बटण एका मोठ्या हॉस्पिटलात शिवणकाम करते. असं म्हटलं की लोकांना जखमा आठवतात. तिचं काम कपड्यांचं. तळघरात एक लांबट खोली आहे, तिला ते कापडखोली म्हणतात. धुलाईतून आलेल्या चादरी, अभ्रे, पेशंटचे झगे, ऑपरेशनचे गाऊन, सगळं ट्रॉल्यांमधून तिथे येतं. एका काचेच्या टेबलाखाली दिवे आहेत. त्यावर चादर पसरायची, उजेड जिथे जास्त दिसेल तिथे कापड विरलंय असं समजायचं, खडूने गोल करायचा आणि फाटायच्या आत तिथे ठिगळ लावायचं. फाटल्यावर शिवणारे खूप असतात, बटण न फाटलेलं शिवते. एकदा मी तिच्याकडून ते ऐकलं होतं आणि मनात म्हटलं होतं, काय कंटाळवाणं काम आहे हे.

तिचं बाकीचं आयुष्यही मला तितकंच कंटाळवाणं वाटायचं. रोज साडेसहाला उठायचं, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. उठल्याबरोबर पडदे सारून पाच मिनिटं खिडकीत नुसतं उभं राहायचं. बसमधून दोन स्टॉप आधी उतरायचं आणि चालत जायचं. साडेबाराला जेवायचं, तेही मशीनवर बसून नाही, वर कँटीनमध्ये, समोर कोणीतरी माणूस घेऊन. रात्री साडेनऊला मोबाइल स्वयंपाकघरातल्या चमच्यांच्या खणात ठेवून द्यायचा.

"अगं, तू लष्करात आहेस का?" मी विचारायचे.

"हो ना वहिनी," ती हसायची, "एकटीचंच लष्कर."

माझा नवरा, म्हणजे तिचा दादा, अशा वेळी माझ्याकडे बघून डोळे मोठे करायचा. मला वाटायचं, बहिणीची थट्टा केलेली त्याला खपत नाही. सहा वर्षांपूर्वी तो गेला.

आणि ह्या सगळ्यावर कळस म्हणजे तो फोन. रोज संध्याकाळी पावणेसहाला. एकोणीस वर्षं. आधी आमच्या घरच्या फोनवर यायचा, मग मोबाइल आले तसा माझ्या मोबाइलवर. नवरा गेला, पण नणंदेचा फोन काही गेला नाही, असं मी मैत्रिणींना सांगायचे. आणि मजकूर काय?

"वहिनी, काल साडेसहा तास झोपले. मधे एकदा जाग आली, पण लागली परत. दोन स्टॉप चालले. जेवायला सूप, पाव आणि अंडं, इस्त्रीवालीबरोबर. आज वाईट काय वाटलं सांगू? मुलांच्या वॉर्डातून चादर आली होती, तिच्यावर कोणीतरी पेनाने घर काढलेलं. दाराला कडीसुद्धा होती. धुलाईत निम्मं गेलं. तेवढंच. ठेवते."

दोन मिनिटं, फार तर तीन. मी फोन टेबलावर ठेवायचे, आवाज मोठा करायचे आणि भाजी चिरत राहायचे. मधे मधे "हं" म्हणायचे. माझी जीभ "हं"ला इतकी सरावली होती की ती थांबली आणि मी पुढच्या वाक्यासाठी "हं" म्हटलं असंही कितीदा झालंय. मला वाटायचं, एकटी बाई आहे, बडबडते, म्हातारी होत चाललीय.

त्या मंगळवारी माझ्या स्वयंपाकघरातला नळ फुटला होता. प्लंबर बेसिनखाली आडवा, जमिनीवर घोटाभर पाणी, माझ्या दोन्ही हातांत भिजलेली फडकी, आणि फोन वाजला. पावणेसहा.

"वहिनी, काल सहा तास—"

"बटण!" मी म्हटलं. "तू किती तास झोपलीस हे ऐकून मी करू काय? अठ्ठावन्नाची घोडी झालीस. धडधाकट आहेस, नोकरी आहे, रोज रोज हा हिशेब कशाला? रविवारी एकदम सांगत जा ना सगळं."

 तिच्या मागे मशीन चालू नव्हती हे मला तेव्हा जाणवलं नाही, आता जाणवतं.

"खरंच की," ती म्हणाली. "बरं वहिनी." आणि हसली. हसली, म्हणून मला काही वाटलं नाही.

खरं सांगायचं तर पुढचे पाच आठवडे मला छान गेले. संध्याकाळ मोकळी. रविवारी तिचा फोन यायचा, "सगळं ठीक वहिनी, तुम्ही कशा?" "मी मजेत." संपलं. शेजारणीला मी ऐटीत सांगितलंसुद्धा, की माणसाला एकदा तोंडावर स्पष्ट सांगितलं की माणूस सुधारतो.

सहाव्या आठवड्यात एका सकाळी साडेदहाला अनोळखी नंबरवरून फोन आला. भारदस्त बाईचा आवाज.

"पावणेसहाच्या वहिनी का?"

"कोण?"

"माफ करा, आम्ही तुम्हाला तेच म्हणतो. मी कापडखोलीची मुख्य. तुम्ही जरा येता का? आत्ता."

"काय झालंय? पडली का ती?"

"पडली नाही. या तुम्ही. तळघरात, लिफ्टमधून उतरलात की डाव्या हाताला."

मी गेले. कापडखोलीत वाफेचा आणि साबणाचा उष्ण वास होता. चार शिवणयंत्रं, त्यांतलं एक रिकामं. मोठ्या इस्त्रीपाशी लाल हातांची एक धिप्पाड बाई उभी होती, मी तिला लगेच ओळखलं. एकोणीस वर्षं तिने काय काय खाल्लं हे मला पाठ होतं. ती रडत होती. मुख्य बाई मात्र कोरड्या होत्या, जाड चष्मा, गळ्यात टेप. त्यांनी माझ्यासमोर टेबलावर एक हिरवा ऑपरेशनचा गाऊन पसरला.

"हात घाला," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"घाला तर."

मी बाहीत हात घातला. मनगटापाशी हात अडला. मी जोर लावला. बाहीला तोंडच नव्हतं. कफ आडवा शिवून टाकलेला, बारीक, सरळ, सुंदर टीप. मी दुसरी बाही पाहिली. तीही बंद.

"असे अठरा," मुख्य बाई म्हणाल्या. "तिने काल केलेले. आज सकाळी थिएटरात डॉक्टर हात धुऊन उभे, नर्सने गाऊन धरला, त्यांचा हात आत जाईना. दुसरा उघडला, तोही तसाच. तिसरा, तोही. टेबलावर बाई झोपवलेली. शेवटी दुसऱ्या थिएटरातून गाऊन मागवले. दहा मिनिटं गेली. त्या बाईला काही झालं नाही, नशीब."

मी त्या बंद बाहीकडे बघत राहिले. माझा हात अजून आतच होता.

"एखादी बाही चुकते," त्या म्हणाल्या. "कफ लहान असतो, खालचा पदर सुईखाली येतो. म्हणून आमचा नियमच आहे, प्रत्येक बाहीत स्वतःचा हात घालून बाहेर काढायचा, मगच कपडा पुढे सोडायचा. हा नियम मला तिने शिकवलाय. मी इथे आले तेव्हा ती माझ्याआधी सात वर्षं होती. आणि तिने अठरा गाऊनांत हात घातला नाही."

"आणि मी त्यांच्यावर इस्त्री फिरवली," इस्त्रीवाली हुंदका देत म्हणाली. "घड्या घातल्या. मला कळलं नाही. महिना झाला ती जेवायला वर येत नाही. मी म्हटलं, अगं ये की, तर म्हणते भूक नाही, काम उरकते. मी म्हटलं असेल बाई. माझं मेलीचं डोकं!"

"महिना?" मी म्हटलं.

मुख्य बाईंनी चष्मा काढला. "मला एकच विचारायचंय तुम्हाला. ते पावणेसहाचं का बंद झालं?"

मी बाहीतून हात काढून घेतला.

"आम्ही सगळ्या रोज पावणेसहाला मशीन थांबवायचो. तिला ऐकू यावं म्हणून. तीन मिनिटं. नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगायचो, ह्या वेळी मशीन बंद, बटणबाईंच्या वहिनींचा फोन असतो. आम्ही म्हणायचो, काय धीराची बाई आहे, एकोणीस वर्षं रोज ऐकून घेते, एक दिवस कुरकुर नाही. ती आजारातून उठली ती तुमच्यामुळेच, असं तीच सांगते."

"कुठल्या आजारातून?" मी विचारलं. "काविळीतून?"

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. इस्त्रीवालीचं रडणं थांबलं.

"कावीळ?" ती म्हणाली. "कुणाला?"

एकोणीस वर्षांपूर्वी बटण चार महिने आजारी होती. माझ्या नवऱ्याने मला सांगितलं होतं, कावीळ आहे, संसर्ग होईल, तू येऊ नकोस. तो रोज संध्याकाळी भेटीच्या वेळेला जायचा. मी फळं द्यायचे, उकळून गार केलेलं पाणी द्यायचे. परत आला की सांगायचा, "डोळे अजून पिवळे आहेत गं." पिवळे डोळे! त्या माणसाने तपशीलसुद्धा भरले होते. आणि मी, विज्ञान शिकवणारी बाई, चार महिने एक प्रश्न विचारला नाही.

ती सहाव्या मजल्यावर होती, मनोविकाराच्या वॉर्डात. ह्याच हॉस्पिटलात. मुख्य बाईंनी ते अगदी साध्या शब्दांत सांगितलं. एके सकाळी ती कामावर आली नाही, म्हणून इस्त्रीवाली तिच्या घरी गेली, तर बटण बाथरूमच्या जमिनीवर बसलेली, कालपासून. उठायचं कशाला तेच तिला आठवत नव्हतं. वॉर्डात तिला जी चादर मिळाली तिच्यावर तिचंच ठिगळ होतं. तिने ते बोटाने चाचपून ओळखलं, आणि त्या आठवड्यातलं पहिलं वाक्य बोलली: "हे मी केलंय."

मला बसायला स्टूल दिलं. मी बसले. माझ्या घरात, माझ्या ताटासमोर बसून माझा नवरा खोटं बोलत होता, आणि मला वाटत होतं मला माणसं कळतात.

"कुठे आहे ती?" मी विचारलं.

ती मागच्या कोठीत होती. दोन्ही बाजूंना छतापर्यंत पांढऱ्या चादरींच्या थप्प्या, मधे एक अरुंद बोळ, आणि त्याच्या टोकाला एका उपड्या टोपलीवर बटण. पाच आठवड्यांत मी तिला पाहिलं नव्हतं. गळ्याची हाडं वर आली होती. ब्लाउज उलटा घातला होता, शिवण बाहेर. दुसऱ्याचा अर्धा इंच दुमडलेला कफ जिला खपत नाही, ती बाई उलटा ब्लाउज घालून रस्त्याने आली होती.

"वहिनी," ती म्हणाली, "त्या पेशंटला काही झालं का?"

"नाही. ती ठीक आहे."

"नक्की?"

"नक्की."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "तुम्हाला उगीच त्रास."

माझ्याकडे भाषण तयार असतं, कुठल्याही प्रसंगाला. ते मी तिथे केलं नाही. मी तिच्या समोर जमिनीवर बसले. माझे गुडघे ह्या गोष्टीला तयार नसतात, त्यांनी तसं सांगितलंही.

"बटण, मला का सांगितलं नाहीस? तेव्हा, एकोणीस वर्षांपूर्वी?"

"मीच दादाला म्हटलं होतं, वहिनींना सांगू नकोस. तुम्ही मला समजावलं असतंत." ती सरळ माझ्याकडे बघत होती, आवाजात राग नव्हता. "मला तेव्हा समजावलेलं नको होतं."

"मग फोन मला का?"

"डॉक्टर म्हणाले होते, झोप, चालणं, माणसाबरोबर जेवण, हे रोज करायचं आणि रोज एका माणसाला सांगायचं. एक वाईट वाटलेली गोष्टही सांगायची, लपवायची नाही. असं माणूस शोधा म्हणाले, जे ऐकून घाबरणार नाही आणि रडणार नाही. दादाला सांगून पाहिलं. तो रडायचा."

"माझा नवरा? रडायचा?"

"जिन्यात जाऊन. तुम्ही कधीच रडला नाहीत वहिनी. तुम्ही हं म्हणायचात. बरं वाटायचं."

मी भाजी चिरत होते, हे मी तिला त्या वेळी सांगितलं नाही. नंतर सांगितलं. ती म्हणाली, "माहीत आहे हो, सुरीचा आवाज यायचा."

"आणि मी नको म्हटल्यावर?"

"तुम्ही म्हणालात धडधाकट आहेस. मला वाटलं, खरंच, बरीच झालेय की मी. कशाला माणसाला पिडायचं. पहिले चार दिवस सगळं केलं. मग एके दिवशी पाऊल दुखत होतं, म्हणून बसमधूनच आले. संध्याकाळी वाटलं, सांगायचं तर कोणालाच नाही. मग दुसऱ्या दिवशीही बसनेच. मग जेवायला वर कशाला जा. मग रात्री फोन खणात कशाला ठेवा, कोण विचारतंय." ती थांबली. "एकेक करून सगळं सुटलं. मला कळत होतं वहिनी. कळत होतं आणि हात पुढे होत नव्हता."

"किती झोपतेस?"

"दोन तास. कधी तेवढीही नाही."

"आणि?" मी विचारलं. एकोणीस वर्षांत हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारला. "वाईट काय वाटलं?"

 बाहेर इस्त्रीची वाफ सुटल्याचा आवाज झाला.

"सकाळी वाटतं, उठलेच नाही तरी चालेल," ती म्हणाली. "कायमचंच."

ते वाक्य ऐकून माझ्या अंगात काय झालं ते मला लिहिता येत नाही. मुलांच्या हातून प्रयोगशाळेत दोनदा आग लागली होती, तेव्हाही माझं डोकं शांत होतं. आता मात्र कानात नुसता घूं घूं आवाज. पण हात हलत होते एवढं खरं. मी उठले, थप्पीला धरून उठले, चार चादरी खाली पडल्या, आणि तिला म्हटलं, "चल. सहाव्या मजल्यावर. आत्ता."

"आधी ब्लाउज सरळ करू द्या," ती म्हणाली. म्हणजे तिला माहीत होतं. मग तिथेच चादरींच्या आड तिने तो सरळ केला, मी पाठ करून उभी राहिले.

जुने डॉक्टर निवृत्त झाले होते. आता एक तरुण डॉक्टरीण होती. माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची, त्यामुळे मी पहिल्या मिनिटाला तिच्यावर विश्वास ठेवला नाही, दुसऱ्याला ठेवला. तिने बटणला तेच विचारलं, अगदी स्पष्ट, आडपडदा न ठेवता. बटणनेही स्पष्ट सांगितलं. औषध सुरू झालं. दोन महिन्यांची रजा लिहिली. पहिले दहा दिवस एकटीने राहायचं नाही, म्हणून ती माझ्याकडे येईल असं ठरलं.

"ह्या सवयी औषधाच्या जागी नाहीत," डॉक्टरीण मला म्हणाली, कारण मी तोंड उघडलं होतं. "आणि औषध सवयींच्या जागी नाही. दोन्ही लागतं. चालायला सुरुवात रस्त्याच्या टोकापर्यंतच करायची. उगाच दोन-दोन स्टॉप नकोत. आणि रोज कोणाला सांगणार?"



"मला," मी म्हटलं.

"नको," बटण म्हणाली. "तुम्हाला कंटाळा येतो."

"येतो. तरी उचलेन."

डॉक्टरिणीला हसू आलं, तिने ते कागदात लपवलं. बटणला आलं नाही.

दहा दिवस ती माझ्याकडे राहिली. मला वाटलं होतं, मी तिला सांभाळेन. सकाळी साडेसहाला ती उठेना, मीच पडदे सारले आणि तिच्या शेजारी खिडकीत उभी राहिले. पाच मिनिटं म्हणजे किती वेळ असतो याची मला कल्पना नव्हती. रस्त्याच्या टोकापर्यंत जाताना ती तीनदा थांबायची आणि मी एकदाही "चल लवकर" म्हटलं नाही. ह्याची नोंद कुठे होत नाही, पण मी ती इथे करते. सहाव्या दिवशी ती मला म्हणाली, "वहिनी, तुम्ही काल कोणाशी बोललात? माझ्याशिवाय?" मी आठवून पाहिलं. कोणाशीच नाही. त्याच्या आदल्या दिवशी? भाजीवाल्याला "एवढे पुरे" म्हटलं होतं. मी विषय बदलला.

मग ती तिच्या घरी गेली. तिच्या दोन खोल्या तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एक चावी मी ठेवून घेतली. पावणेसहाला फोन यायचा. "साडेतीन तास झोपले. टोकापर्यंत गेले, येताना पोटात गोळा आला, पण आले. जेवायला इस्त्रीवाली आली होती, तिनेच केलं. आज वाईट काय, तर आरशात बघवत नाही." मी भाजी चिरत नव्हते. खुर्चीत बसून ऐकायचे. कंटाळा यायचा का? यायचा, हे मी डॉक्टरिणीसमोर कबूल केलंच होतं. पण साडेपाचपासून माझं लक्ष घड्याळाकडे असायचं.

सातव्या आठवड्यातल्या गुरुवारी पावणेसहाला फोन वाजला नाही.

दहा मिनिटं मी थांबले. मी केला. वाजत राहिला. परत केला. सहा वाजता मी घरातून निघाले. तिचं घर माझ्या चालीने वीस मिनिटांवर आहे. मी किती वेळात गेले ते माहीत नाही. रस्त्यात एका सायकलवाल्याने मला शिवी दिली, मीही दिली असावी. आदल्या दिवशी ती काय म्हणाली होती ते मी शब्द शब्द आठवत होते. पाच तास झोपले. सूप. इस्त्रीवालीने तिला हसवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. आज वाईट काय? "आज काही नाही." काही नाही! तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं, एकोणीस वर्षांत ती एकदाही "काही नाही" म्हणाली नव्हती. आणि मी काय म्हटलं? "छान."

तीन जिने. बेल वाजवली. दार ठोठावलं. चावी लागेना, उलटी लावत होते.

आत उजेड होता. पडदे उघडे. बटण सोफ्यावर वाकडी पडलेली, तोंड उघडं, एक हात खाली लोंबता. शेजारी रिकामा पेला. मी दारात उभी राहिले. पुढे जायचं होतं आणि जाता येत नव्हतं. त्या वेळी मला तिचं ते वाक्य नीट कळलं, हात पुढे होत नव्हता म्हणजे काय ते. मग मी गेले. वाकले. दोन बोटं तिच्या नाकाखाली धरली.

गरम.

"आई गं!" बटण किंचाळत उठली. तिचं डोकं माझ्या हनुवटीवर आदळलं. "वहिनी! काय झालं? कोण गेलं?"

"सव्वासहा वाजून गेले!"

"मग?"

"मग काय मग? पावणेसहा! फोन!"

"अहो झोपले होते मी!" ती ओरडली. "डोळा लागला! सात आठवड्यांत पहिल्यांदा आपण होऊन डोळा लागला आणि तुम्ही नाकात बोटं घालताय माझ्या! फोन चमच्यांच्या खणात राहिला असेल. झोपूसुद्धा देऊ नका माणसाला! आणि दिवसा झोपले म्हणून आता ती डॉक्टरीण मला बोलणार ती वेगळीच!"

"हळू बोल," मी म्हटलं. "शेजारी ऐकतील."

"ऐकू देत! तुम्ही दार असं ठोकलं असणार की खालचे लोक पोलीस बोलावतील!"

तिचे गाल लाल झाले होते. केस एका बाजूने उभे. सात आठवड्यांत तिने कोणावर आवाज चढवला नव्हता, चढवायला तो उरलाच नव्हता. मी तिच्याकडे बघत राहिले. मग म्हटलं, "बरं. झोप. मी जाते."

"आता कसली झोप," ती म्हणाली, आणि उशी सोफ्यावर आपटली.

मी दार ओढून घेतलं आणि उतरायला लागले. एक जिना उतरले. मग पाय गेले. दुखून नाही, नुसते गेले, जणू माझे नव्हतेच. मी कठडा धरून पायरीवर बसले.  खालून एक माणूस दोन पिशव्या घेऊन वर येत होता, दुसऱ्या मजल्यावर राहणारा असावा. माझ्यापाशी थांबला.

"काय आजी, दम लागला?"

अशा वेळी मी काय म्हणते ते मला माहीत आहे. काही नाही, ठीक आहे, तुम्ही व्हा पुढे. तोंडाशी आलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "मला वाटलं माझी नणंद मेली. ती झोपली होती. मी फार घाबरले."

त्याने पिशव्या खाली ठेवल्या. इकडे तिकडे बघितलं, मग दोन पायऱ्या सोडून खाली बसला. "झोपली होती ना पण?"

"हो. ओरडली माझ्यावर."

"मग बरंय की."

"बरंय," मी म्हटलं. "पण पाय ऐकत नाहीत."

"बसा मग. मला घाई नाही."

आम्ही बसलो. त्याच्या पिशवीतून एक संत्रं निसटून दोन पायऱ्या खाली गेलं, तो ते आणायला उठला नाही. वर दार उघडल्याचा आवाज झाला आणि बटणचा चेहरा कठड्यावरून खाली डोकावला.

"वहिनी? अजून इथेच?"

"हो."

"रडताय की काय?"

"हो," मी म्हटलं. "तुझ्या दादासारखी जिन्यात बसून."

ती खाली बघत राहिली.  मग म्हणाली, "आता वर या. दोघींचं जेवण करते, मला भूक लागलीय."

त्या माणसाने मला हात दिला, आणि मी परत वर चढले.